बेळगावच्या भंगारातलं तांबं बेळगावातच उतरावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बंद पडलेला टीव्ही, जळालेला इन्व्हर्टर, काच फुटलेला मोबाइल आज ना उद्या भंगारात जातो. तिथून पुढे त्याच्या वाटा वेगळ्या होतात. पत्रा, ॲल्युमिनिअम, लोखंड यांना जवळच गिऱ्हाईक आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांना मोड लागतेच. हिरव्या सर्किट बोर्डाला मात्र इथं कुणी वाली नाही. तो पोत्यात साठतो, पुरेशी पोती झाली की मोठा व्यापारी उचलतो, आणि त्यानंतर त्याचं काय होतं हे आपण विचारत नाही. देशात असे बोर्ड जिथं जाऊन पोचतात त्या जागा काही लपून राहिलेल्या नाहीत. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही त्यांतली दोन ठळक नावं. तिथं गल्लीबोळात, घरांच्या गच्च्यांवर बोर्ड जाळले गेले, ॲसिडमध्ये बुडवले गेले, आणि रामगंगेच्या काठावर राखेचे ढीग पडले. त्या कामात बायका आणि पोरंही आहेत. आपल्या घरातून गेलेल्या बोर्डाचा धूर त्यांच्या छातीत जातो.

माझं म्हणणं असं की बेळगावच्या बोर्डांतलं तांबं बेळगावातच काढलं पाहिजे, आणि ते काढायला जंतूंची मदत घेता येते. ही कल्पना परवाची नाही, प्रयोगशाळेतल्या बाटलीपुरतीही नाही. पण तिच्यासोबत दोन अटी आहेत आणि त्यांत तडजोड नको: सोन्याच्या मागे लागायचं नाही, आणि वापरलेलं पाणी आवाराबाहेर सोडायचं नाही. या अटी पाळायची तयारी नसेल तर पोती आहेत तिथंच पडून राहिलेली बरी.

आधी जंतू काय करतात ते नीट बघू. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल या दोन अमेरिकी संशोधकांनी कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या आंबट, तांबूस पाण्यात एक जंतू शोधला. आज त्याला ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणतात. हा जंतू तांबं खात नाही. तो पाण्यात विरघळलेल्या लोखंडावर जगतो. अशा विरघळलेल्या लोखंडाची फेरस आणि फेरिक अशी दोन रूपं असतात; फेरसचं फेरिक करताना जी ऊर्जा सुटते त्यावर त्याचा संसार चालतो, आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन तो हवेतून घेतो. त्याला साखर लागत नाही, मळी लागत नाही. हवा, थोडे क्षार, तीस अंशांच्या आसपासची ऊब आणि लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी एवढ्यावर तो भागवतो. अशा पाण्याबाहेर, म्हणजे आपल्या अंगात किंवा शेतात, त्याचा निभाव लागत नाही, त्यामुळे रोगाची भीती इथं गैरलागू आहे.

तांबं विरघळवतं ते या जंतूने तयार केलेलं फेरिक लोखंड. फेरिकचा कण तांब्याला भिडला की तांबं पाण्यात उतरतं आणि फेरिक पुन्हा फेरस होतं. जंतू त्या फेरसला परत फेरिक करतो. म्हणजे तेच लोखंड फिरत राहतं. काचेच्या चंबूत हे सुरू असताना बघण्यासारखं असतं. सुरुवातीला पाणी फिकट हिरवट असतं. दोन-तीन दिवसांत ते पिवळं पडतं, मग विटकरी होतं, आणि जंतू वाढल्याची तीच खूण. मग त्यात बोर्डाचा चुरा टाकला की रंग पुन्हा फिरतो, हिरवा-निळा होत जातो, आणि तळाशी काचतंतूंचे पांढुरके पापुद्रे उरतात, ज्यांच्यावरची तांब्याची झिलई निघून गेलेली असते. त्या पाण्यात साधा लोखंडी खिळा सोडला तर काही मिनिटांत तो तांबूस दिसू लागतो. लोखंड पाण्यात उतरतं, तांबं त्याच्या जागी बसतं.

हा खिळा मला महत्त्वाचा वाटतो, कारण बेळगावचं उत्तर त्यातच आहे. तांबं परत मिळवायला महागडी यंत्रं लागतातच असं नाही. लोखंडाचा चुरा लागतो. आणि लेथवर, मिलिंगवर पडणाऱ्या चुऱ्याला या गावात तोटा नाही. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक सिलिंडर, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांतून तो रोज पडतो, आणि त्यातली बोरिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भुगा, पुन्हा भट्टीत जाते. त्यातलाच थोडा चुरा टाकीत घातला की तांब्याची भुकटी खाली बसते, आणि जे लोखंड विरघळलं ते फेरसच असतं, म्हणजे जंतूंचं खाद्य. ओतीव लोखंडाच्या चुऱ्यातला कार्बन तांब्यात मिसळून भुकटी थोडी मळकट होते, ती नंतर शुद्ध करावी लागते. पण हा व्यवहार इथल्या माणसाला समजेल असा आहे. हिशेबानं पाहिलं तर दोनशे किलो तांब्यासाठी पावणेदोनशे किलो लोखंड पुरेल. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त लागतं, कारण काही लोखंड ॲसिड आणि शिल्लक फेरिकही खातं.

दोनशे किलो हा आकडा मी सहज घेतला नाही. बोर्डाच्या वजनात तांबं साधारण पाचवा हिस्सा असतं, म्हणजे टनभर बोर्डात दोनशे किलो. खाणीतल्या तांब्याच्या खनिजात हे प्रमाण टक्का-अर्धा टक्काही चालतं, आणि तरी चिलीच्या खाणी अशा हलक्या खनिजाचे डोंगराएवढे ढीग लावून त्यांवर आंबट पाणी शिंपडतात आणि जंतूंकडून तांबं उतरवून घेतात. भारताने २०२३ साली ३० अत्यावश्यक खनिजांची यादी केली, तिच्यात तांबं आहे. तमिळनाडूतल्या तूतुकुडीचा मोठा तांबं कारखाना २०१८ मध्ये बंद झाल्यापासून आपण शुद्ध तांबं बाहेरून आणतो. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला नोंदवून, नीट गोळा करून वापरात आणलेला वाटा होता २२.३ टक्के.

आता दुसरी बाजू. जंतू संथ असतात. २००१ साली झुरिकच्या ब्रांडल, बॉसहार्ड आणि वेगमान या संशोधकांनी इलेक्ट्रॉनिक भंगाराच्या भुकटीवर जंतू आणि बुरशी दोन्ही लावून पाहिले. लिटरमागे पाच ते दहा ग्रॅम भुकटी असताना जंतूंनी तांबं, जस्त, निकेल, ॲल्युमिनिअम नव्वद टक्क्यांच्या वर उतरवलं. भुकटी त्याहून वाढवली की जंतू गुदमरायला लागले. बोर्डाचा चुरा पाण्याचा आंबटपणा मारतो, त्यातले काही धातू आणि रसायनं जंतूंना मानवत नाहीत. म्हणून आता जंतू आधी वेगळ्या टाकीत वाढवतात आणि तयार झालेलं फेरिकचं पाणी बोर्डाच्या टाकीत सोडतात. त्याने फरक पडतो, पण मूळ अडचण राहते.

ती अडचण आकड्यात मांडतो. लिटरमागे दहा ग्रॅम धरले तर टनभर बोर्डाला एक लाख लिटर पाणी लागतं. आठ-दहा दिवस ते ढवळायचं, त्यात हवा सोडायची, आंबटपणा सांभाळायचा. शहरातल्या माणसाला एक लाख लिटर ऐकून धडकी भरेल. पण हा उसाचा जिल्हा आहे. कर्नाटकातले सर्वांत जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतल्या डिस्टिलऱ्यांमध्ये मळीवर यीस्ट वाढवणाऱ्या टाक्या कित्येक लाख लिटरच्या असतात. टाकीत हवा किती सोडायची, फेस कसा मोडायचा, तापमान चढलं की काय करायचं, संसर्ग झाला तर बॅच वाचवायची की सोडून द्यायची, हे शिफ्टमध्ये रात्रभर जागून शिकलेले केमिस्ट या जिल्ह्यातल्या गावागावांत आहेत. गणेशपूरला साखरेचं आणि मद्यार्काचं तंत्र शिकवणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. ए. नटराजन यांनी खनिजांवर काम करणाऱ्या जंतूंचा कित्येक वर्षं अभ्यास केला आहे, म्हणजे राज्यातही हा विषय परका नाही. टाकी चालवणारी माणसं एकीकडे, धातू ओतणारी दुसरीकडे, आणि दोघं एकाच तालुक्यात. असा योग मोठ्या शहरांनाही सहज मिळत नाही.

जाणकार विचारतील, जंतूच कशाला? गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर हेच तांबं काही तासांत उतरतं. खरं आहे. रोज काही टन बोर्ड येणार असतील तर मीही रसायनाचाच आग्रह धरेन. पण पेरॉक्साइड विकत आणायचं असतं, साठवायला धोक्याचं असतं, आणि बोर्डातल्या धातूंना लागून त्यातलं बरंचसं वायाच जातं. जंतू तेच काम हवेतल्या ऑक्सिजनवर करतात. कामाला वेळ लागला तर चालतं, पण रोजचा खर्च कमी हवा, अशी लहान शहराची गरज असते. बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या भट्ट्या एकाच वेळी सतरा धातू काढू शकतात हेही खरं. पण त्यांना वर्षाला लाखो टन माल आणि धूर गाळणारी अवाढव्य यंत्रणा लागते, आणि तेवढं करूनही त्या गावात मुलांच्या रक्तातल्या शिशाचा प्रश्न संपलेला नाही. एका जिल्ह्याने अशा भट्टीचं स्वप्न बघू नये. जंतूंची टाकी मात्र पाच हजार लिटरचीही चालते आणि पन्नास हजारांचीही.

सोन्याबद्दल स्पष्ट बोलावं लागेल, कारण या विषयावर कुठेही चर्चा निघाली की पहिला प्रश्न सोन्याचाच येतो. बोर्डात सोनं असतं, आणि चांगल्या प्रतीच्या बोर्डात टनामागे ते हट्टीच्या सोन्याच्या खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. तिथं टनभर दगडातून काही ग्रॅम निघतं. मोबाइलच्या टनभर बोर्डातून काहीशे ग्रॅमही निघू शकतं. आपल्याकडे बेळगाव-शहापूर असो की पलीकडची हुपरी, सराफांच्या दुकानासमोरची माती, झाडलोट, गटारातला गाळ गोळा करून त्यातून सोनं-चांदी काढणारे झारेकरी पिढ्यानपिढ्या आहेत. त्यामुळे कचऱ्यात सोनं आहे हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण झारेकऱ्यांनी पारा आणि तेजाब हाताळून स्वतःच्या शरीरावर काय ओढवून घेतलं हेही आपण पाहिलं आहे.

सोनं उतरवणारे जंतूही आहेत. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा जांभळा जंतू ग्लायसिनपासून सायनाइड बनवतो, आणि सायनाइड सोन्याला पाण्यात घेऊन जातं. लेखांमधून हे फार सोज्वळ भाषेत येतं, जणू काही जंतूने बनवलं म्हणून ते सायनाइड कमी विषारी असतं. तसं नसतं. शिवाय बोर्डात तांबं शिल्लक असेल तर सायनाइड आधी तांब्याला लागतं आणि सोनं तसंच राहतं. बेळगावच्या कुठल्याही वस्तीजवळ सायनाइडची टाकी उभी राहावी असं मला वाटत नाही, मग ती जंतूंची असो वा ड्रममधून ओतलेली. तांबं काढल्यावर उरलेल्या चोथ्यात सोन्याचं प्रमाण आपोआप वाढलेलं असतं. तो चोथा पिशव्यांत भरून, वजन करून, परवानाधारक रिफायनरीला विकावा. नफ्यातला मोठा वाटा तिथंच मिळेल, आणि विषाचं काम ज्यांच्याकडे त्याची व्यवस्था आहे त्यांच्याकडे राहील. चोथ्यात आणखी एक गोष्ट असते. टाकीतल्या गंधकाम्लात शिसं विरघळत नाही, ते शिशाचं सल्फेट होऊन खाली बसतं. कथिलही बरंचसं तिथंच राहतं. म्हणजे हा चोथा साधा माल नाही, तो घातक मालच आहे, आणि तसाच नोंदवला गेला पाहिजे.

पाण्याचा मुद्दा याहून अवघड आहे. फेसाळ काळं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे बेळगावकरांना सांगावं लागत नाही. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, जुनं बेळगाव या शिवारांत पाणी शिरतं, आणि ज्या भाताच्या वासावर या शिवारांचं नाव झालं ते पीक त्या गाळात कुजतं. शहराचा कचरा तुरमुरीला गेला आणि तिथल्या लोकांना दुर्गंधीविरुद्ध आंदोलनं करावी लागली. अशा गावात कुणी म्हणालं की आम्ही आंबट पाण्याच्या टाक्या लावणार आहोत, त्यात तांबं आणि निकेल विरघळलेलं असेल, पण काळजी करू नका, तर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा?

त्याने ठेवू नये, असंच मी म्हणेन. फिनलंडमधल्या तालविवारा खाणीकडे बघावं. तिथं हेच तंत्र निकेलसाठी वापरलं जात होतं, पुढारलेला देश, कडक कायदे. २०१२ च्या नोव्हेंबरात सांडपाण्याचं तळं गळलं आणि धातूंचं पाणी आसपासच्या तळ्यांमध्ये, ओढ्यांमध्ये गेलं. दोन वर्षांत कंपनी दिवाळखोरीत गेली. जंतूंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. पाण्याचा हिशेब चुकला, जास्तीचा पाऊस आणि बर्फ वितळून आलेलं पाणी कुठं ठेवायचं याचं उत्तर नव्हतं. बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते आपण जाणतो. म्हणून टाक्या उघड्यावर नकोतच. पक्क्या छपराखाली, दुहेरी तळाच्या, आणि सगळ्या टाक्या एकदम फुटल्या तरी पाणी आतच राहील एवढा कठडा भोवती हवा.

पाणी पुन्हापुन्हा वापरता येतं, आणि याच बाबतीत ही पद्धत उजवी आहे. तांबं काढून घेतलेलं पाणी परत जंतूंच्या टाकीत जातं. पण ते कायम चालत नाही. लोखंडाचा चुरा घालत राहिलं की पाण्यात लोखंड साठत जातं, निकेल आणि जस्तही साठतं, आणि एका टप्प्यावर काही पाणी बाहेर काढून चुन्याने शांत करावंच लागतं. त्यातून जो गाळ निघतो तो जिप्सम आणि लोखंडाचा असतो, दिसायला निरुपद्रवी, पण धातू धरून ठेवलेला. तो शेतात नाही, नाल्यात नाही, तुरमुरीत तर नाहीच. घातक कचऱ्याच्या अधिकृत भरावभूमीतच गेला पाहिजे. याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला नाही तर सगळा प्रकल्प कागदावर फायद्यात दिसेल आणि प्रत्यक्षात नाल्याच्या जिवावर चालेल.

आता माणसांकडे वळतो, कारण या विषयात तंत्रापेक्षा जास्त गुंता तिथंच आहे. भंगाराच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघावं. माणूस खाली फळीवर बसलेला असतो, पुढ्यात टीव्हीचं उघडं पोट. चार स्क्रू फिरवून बोर्ड सुटा करतो, पकडीनं ॲल्युमिनिअमची पट्टी उपटतो, कॉइल छाटून तांब्याच्या डब्यात टाकतो. तपकिरी बोर्ड एका पोत्यात, हिरवा दुसऱ्या पोत्यात, मोबाइलचा छोटा बोर्ड झाकणाच्या वेगळ्या डब्यात, कारण त्याला किलोला दर चढा मिळतो. हे सगळं तो बोलता बोलता, हाताकडे न बघता करतो. वर्गवारीचं हे काम कुठल्याही यंत्रापेक्षा तो चांगलं करतो, आणि जंतूंच्या टाकीला नेमकी अशीच वर्गवारी लागते. मिसळलेला माल टाकीत गेला की जंतू मरू शकतात.

पण कायद्यात त्याची जागा कुठे आहे? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पोर्टलवर नोंदणीचे चार वर्ग आहेत: निर्माता, उत्पादक (म्हणजे आपल्या नावाने माल बाजारात आणणारी कंपनी), दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रण करणारा. सुटं करणाऱ्याला आणि गोळा करणाऱ्याला स्वतंत्र नोंदणी नाही. उत्पादक कंपन्यांनी आपल्या वाट्याचं पुनर्चक्रणाचं उद्दिष्ट पुरं करायला जी प्रमाणपत्रं विकत घ्यायची ती पुनर्चक्रण करणारा तयार करतो, आणि ती शेवटी हाती आलेल्या धातूच्या वजनावर ठरतात. ज्या धातूंची प्रमाणपत्रं मिळतात त्यांत लोखंड, ॲल्युमिनिअम आणि सोन्याबरोबर तांबंही आहे. म्हणजे बेळगावात तांब्याची भुकटी काढणारं लहान केंद्र नोंदलं गेलं तर त्याला धातूच्या किमतीशिवाय प्रमाणपत्राचाही पैसा मिळू शकतो. त्या पैशातला ठरलेला वाटा फळीवर बसलेल्या माणसाला गेला पाहिजे. दर लिहून लावलेला, हातमोजे आणि मास्क केंद्राचे, आणि वायर जाळून तांबं काढणाऱ्याकडून माल घ्यायचा नाही, असा नियम. नाहीतर वरच्या मजल्यावर प्रमाणपत्रांचा व्यापार होईल आणि खाली तोच धूर राहील.

सीमाभाग म्हणून आपली आणखी एक अडचण आहे. निपाणीच्या भंगारवाल्याला बेळगावपेक्षा कागल जवळ. तिथली औद्योगिक वसाहत अर्ध्या तासावर. चंदगडच्या माणसाचा बाजार बेळगाव. खानापूरचा माल गोव्याकडेही जातो. चंदगड आणि राधानगरी भागातलं बॉक्साइट सीमा ओलांडून बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात येतंच की. पण ई-कचऱ्याचं पोतं सीमा ओलांडतं तेव्हा दोन राज्यांची दोन प्रदूषण मंडळं मध्ये येतात, आणि लहान व्यापाऱ्याला तो कागदाचा व्याप झेपत नाही. मग तो कागदच करत नाही. १९५६ पासूनचा आपला प्रश्न न्यायालयात आहे, तो तिथंच सुटेल. बोर्डाचं पोतं त्याची वाट बघत थांबू नये. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांपुरता, ठरावीक वजनापर्यंतच्या मालासाठी दोन्ही मंडळांनी एकच सोपा परवाना मान्य केला तर इथल्या सगळ्यात लहान माणसाचं काम कायदेशीर होईल. दोन्ही राज्यांतल्या मराठी आणि कन्नड नेत्यांनी ज्यावर भांडायचं कारण नाही असा हा विषय आहे.

भाषेबद्दल एवढंच, की या केंद्राची माहिती, पाण्याच्या तपासणीचे आकडे, जनसुनावणीची सूचना हे सगळं कन्नडबरोबर मराठीतही आलं पाहिजे. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केलं आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून नाला वाहतो त्याला अहवाल वाचता आला नाही तर त्या अहवालाचा उपयोग काय? हा माझ्या लेखी अस्मितेचा मुद्दा नाही, सुरक्षिततेचा आहे.

पैशाची सोय अगदीच नाही असं नाही. अत्यावश्यक खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि तिच्यातला तिसरा हिस्सा लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखला आहे. अशा योजना मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांकडे जातात, कारण अर्ज तेच करतात. उद्यमबागेतल्या उद्योजकांनी, विद्यापीठाने आणि महापालिकेने एकत्र अर्ज करायला काय हरकत आहे?

सुरुवात लहान असावी. पाच हजार लिटरची एक टाकी. एका बॅचमध्ये पन्नास किलो बोर्ड, त्यातून अंदाजे दहा किलो तांबं. महिन्यात तीन बॅच झाल्या तरी दीडशे किलो बोर्ड मार्गी लागले. यातून कुणी श्रीमंत होणार नाही, आणि सुरुवातीला तसा हेतूही असू नये. एक वर्षभर ती चालवावी, एक पूर्ण पावसाळा धरून, आणि दर महिन्याला पाच आकडे महापालिकेच्या फलकावर लावावेत: किती बोर्ड आले, किती तांबं निघालं, ॲसिड आणि चुना किती लागला, पाणी किती भरलं, गाळ किती निघाला आणि तो कुठं गेला. यातला शेवटचा आकडा जुळला नाही तर टाकी बंद करायची, हे आधीच लिहून ठेवावं. जागा नाल्यापासून दूर, औद्योगिक वसाहतीच्या आत असावी. आवाराच्या खालच्या बाजूला दोन निरीक्षण विहिरी खोदाव्यात आणि त्यांचं पाणी टाकी सुरू होण्याच्या आधी एकदा तपासून ठेवावं, म्हणजे नंतर वाद होणार नाही. नमुना घेताना शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांचा प्रतिनिधी हजर असावा, सीलबंद बाटलीवर त्याचीही सही असावी, आणि जून ते सप्टेंबर हा नमुना महिन्याला नाही, आठवड्याला घ्यावा.